मेक्सिकोच्या लोकगीतांतील नवरा-बायको

श्रोतेहो, आज सुरुवातीलाच एका घरातला छोटासा प्रसंग तुमच्यापुढे मांडतो. नवरा बायकोच्या हातावर दोन पेसो ठेवतो. पेसो म्हणजे मेक्सिको देशातले चलन. आपला रुपया तसा त्यांचा पेसो. दोन पेसो देऊन नवरा तिला बजावतो की, यातून घरभाडे दे, टेलिफोनचे पैसे भर, विजेचे पैसे भर. मग जे उरेल त्यात घरखर्च चालव. आणि तोही भागून जी शिल्लक राहील ती मात्र नीट जपून ठेव, कारण मला घोटभर प्यायला लागते!

या बायकोचे नाव बार्तोला. मेक्सिकोत हे गाणे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. ते रचले चावा फ्लोरेस या गवयाने. तो १९२० साली मेक्सिको शहरात जन्मला आणि १९८७ साली वारला. त्या शहरात 'वेसिंदाद' नावाची वस्ती असते. मधोमध अंगण, सभोवार एकेका बिऱ्हाडाच्या खोल्या, पाण्याची जागा सामाईक, भांडणेही सामाईक. मुंबईची चाळ किंवा पुण्याचा वाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. चावा फ्लोरेसने या वस्तीतली बारशी, लग्ने, मयती, उधाऱ्या यांवर गाणी केली. त्याच्या एका गाण्यात चाळीतला ताचो आठ नंबरच्या तेंचाशी लग्न करतो, तेव्हा एक नंबरपासून अठ्ठावीस नंबरपर्यंत सगळ्या दारांवरून तोरण लावतात. खोली कोणाची आणि कार्य कोणाचे, हा भेदच तेथे नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाने रचलेले गाणे लोकगीत कसे? शंका रास्त आहे. पण मेक्सिकोत छापील गाणे, रेडिओवरचे गाणे आणि खेड्यातले पिढीजात गाणे यांच्यात आपण समजतो तशी भिंत नाही. लोकांनी उचलले, त्यात आपली कडवी घातली, की ते त्यांचे झाले.

बार्तोलाच्या गाण्याला लोक हसतात ते नवऱ्याला. त्याचा तोरा मोठा आणि खिसा रिकामा, ही त्यातली गंमत. परंतु ते गाणे पुन्हा ऐकताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. सबंध गाणे नवराच बोलतो. बार्तोला एक अक्षरही बोलत नाही. मग मी मेक्सिकोची इतर गाणी या दृष्टीने पाहू लागलो. लग्नावरची थट्टा तेथे रग्गड आहे. पण प्रत्येक गाण्यात विचारायचा प्रश्न असा की, बोलतो आहे कोण, आणि गप्प कोण आहे?

मेक्सिको आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या ठेच्यातली मिरची मुळात तिकडची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि मग साऱ्या देशात अशी रुजली की आज कोणाला ती परदेशी वाटत नाही. मकाही तिकडचाच. तिकडच्या बायका पिढ्यान्पिढ्या दगडी पाट्यावर मका वाटत आल्या. त्या पाट्याला 'मेताते' म्हणतात. गुडघे टेकून, ओणवे होऊन वाटायचे, आणि त्याच्या पोळ्या थापायच्या. त्यांच्या गाण्यातला संसार असा पाट्यापासूनच सुरू होतो.

गाण्याची घडण सोपी आहे. 'कोप्ला' नावाचे चार-पाच-सहा ओळींचे कडवे, बहुधा आठ-आठ अक्षरांच्या ओळींचे. एकेक कडवे स्वतंत्र. चाल तीच, कडवी मात्र ज्याला जी सुचतील ती. देशाच्या पूर्व किनाऱ्यावर वेराक्रूझ नावाचा प्रांत आहे. तेथल्या खेड्यांत 'फांदांगो' होतो. जमिनीवर 'तारिमा' म्हणजे लाकडी फळ्यांचा चौथरा मांडतात. भोवती हाराना नावाची छोटी गिटारीसारखी वाद्ये घेऊन मंडळी उभी राहतात. चौथऱ्यावर नाचणाऱ्यांच्या टाचांचा ठेका हाच त्यांचा ढोलकीचा ठेका. एकाने कडवे म्हणायचे, दुसऱ्याने त्याला जोडून दुसरे म्हणायचे. कधी उत्तर, कधी कुरघोडी, कधी चक्क उणेदुणे. हा प्रकार रात्र सरेपर्यंत चालतो.

यात कोप्ल्याचे हुकमी विषय म्हणजे सासू, म्हातारा नवरा आणि तरणी बायको, बायकोच्या धाकातला नवरा, गावाला गेलेला नवरा. सासूवरून एक फरक सांगण्याजोगा आहे. आपल्या जात्यावरच्या ओवीत सासूबद्दल बोलते ती सून. मेक्सिकोच्या थट्टेच्या गाण्यांत सासूवर तोंड टाकतो तो बहुतकरून जावई. सासू तीच, पण तक्रारदार बदलला की विनोदाची जात बदलते. सुनेच्या ओवीत हसण्याखाली एक उसासा असतो. जावयाच्या थट्टेत उसासा कुठला यायला? शिवाय शब्दांवरचे दुहेरी अर्थाचे खेळ असतात. त्याला ते लोक 'अल्बुर' म्हणतात आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांची उदाहरणे मात्र येथून देता येणार नाहीत. ज्यांना फारच उत्सुकता असेल त्यांनी स्पॅनिश शिकावे.

असे नाही की फांदांगोत बाईला जागाच नाही. काही चाली केवळ बायकांनी मिळून नाचायच्या असतात. पुरुषाने तेव्हा चौथऱ्यावर पाऊल ठेवायचे नाही. एक दमली की दुसरी येऊन तिची जागा घेते. तरणी, म्हातारी, लेकुरवाळी, सगळ्या. 'ला बांबा' ही चाल तर जगभर गेली. अमेरिकेतल्या रिची वॅलन्स या तरुणाने १९५८ साली ती नव्या वाद्यांवर गायिली आणि पोरासोरांच्या तोंडी झाली. पण तिचे मूळचे घर लग्नाचा मांडव. जोडप्याने जमिनीवर लांब फीत टाकायची आणि नाचता नाचता केवळ पायांनी तिची गाठ मारायची. हात लावायचा नाही. दोघांचे पाय एकमेकांच्या मर्जीने चालले तरच गाठ बसते. एकाने घाई केली की फीत गुंतून बसते आणि सगळा गाव हसतो. हा विनोद शब्दाविनाच होतो, आणि त्यात दोघांचा वाटा सारखा. मला तो फार आवडतो.

या थट्टेला एकेकाळी सरकार आणि धर्मपीठ दोघेही भ्याले होते. १७६६ साली वेराक्रूझ बंदरात 'चुचुंबे' नावाच्या एका नाचगाण्याबद्दल तक्रार गुदरली. तेव्हा मेक्सिकोवर स्पेनचे राज्य होते आणि 'इन्क्विझिशन' नावाचे धर्मन्यायालय लोकांच्या श्रद्धेवर आणि वर्तनावर नजर ठेवी. तक्रार अशी की, बंदरातले काळे-गोरे संमिश्र रक्ताचे लोक, खलाशी, सैनिक हे गाणे गातात, त्यात साधूंची टर उडवतात आणि अंगविक्षेप करून नाचतात. मग न्यायालयाने हुकूम काढून गाणे बंद केले. गंमत पाहा. तक्रारीला पुरावा हवा, म्हणून त्या गाण्याची कडवी कारकुनाने व्यवस्थित लिहून दप्तरात ठेवली. ज्यांनी गाणे गाडले त्यांनीच ते टिकवले! चाल गेली, शब्द मात्र आज मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत.

त्या कडव्यांत एक विधवा आहे. ती सांगते की नवरा देवाघरी गेला, आणि देवाने त्याला असा घट्ट धरून ठेवला आहे की तो काही इकडे फिरकत नाही. वरवर पाहता यात गैर काय? देवाचे नाव आहे, नवऱ्याच्या सद्गतीची खात्री आहे. पण म्हणणारीचा सूर दुःखाचा नाही, सुटल्याचा आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. धर्मन्यायालयालाही कळले असणार. अठराव्या शतकात, जेथे घटस्फोट नव्हता, बाईला वेगळे बिऱ्हाड नव्हते, तेथे तिला मोकळीक मिळायची ती नवऱ्याच्या मरणानेच. ही गोष्ट सरळ बोलली असती तर पाप. गाण्यात घातली म्हणून लोक हसले.

गोव्याच्या श्रोत्यांना याचे नवल वाटणार नाही. तेथे पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन होते, आणि त्याने १७३६ साली काढलेल्या मोठ्या हुकमात लग्नाच्या वेळी नवख्रिस्ती घरांतून ओव्या म्हणण्यालाही बंदी घातली होती. समुद्राच्या दोन टोकांना दोन निरनिराळी राज्ये, आणि दोघांनाही लग्नघरातल्या गाण्याची धास्ती!

पुढे १८०२ साली मेक्सिकोच्या व्हाइसरॉयने 'हाराबे गातुनो' या नाचावर बंदी आणली. हाराबे हा मूळचा जोडप्याचा नाच, पुरुषाने आर्जव करायचे आणि बाईने त्याला झुलवायचे. आणि आज? त्याच कुळातला 'हाराबे तापातिओ' मेक्सिकोचा राष्ट्रीय नाच म्हणून शाळाशाळांतून मुलांना शिकवतात. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे लक्षात ठेवावे. गॅदरिंगला आज नको म्हटलेला नाच उद्या अभ्यासक्रमात यायचा.

मुलांचे नाव निघालेच आहे तर त्यांचे एक गाणे सांगतो. ऊ आणि पिसू यांचे लग्न ठरते. हसू नका, मेक्सिकोत हे गाणे घराघरांतून म्हणतात. लग्न ठरले, पण घरात दाणा नाही. लग्न अडले. मग एक प्राणी आपल्या बिळातून हाक देतो, दाण्याची काळजी नको, मी देतो. दाण्याची सोय झाली, आता दुसरे काही नाही. दुसरा प्राणी तेही देतो. असे करत करत स्वयंपाक करणारी मिळते, गाणारी मिळते, नाचणारी मिळते, आणि शेवटी अडते ते मानकऱ्यावाचून. उंदीर पुढे येतो. मी मानकरी होतो, पण मांजर बांधून ठेवा! मांजर बांधतात, लग्न लागते, मंडळी पितात, कोणाचे लक्ष राहत नाही, मांजर सुटते आणि मानकऱ्याला खाऊन टाकते.

हे केवळ बालगीत आहे असे समजू नका. मेक्सिकोत लग्नाला 'पाद्रिनो' म्हणजे मानाचे पालक लागतात. अंगठ्यांचा पाद्रिनो वेगळा, वधूवरांच्या खांद्यांवरून घालायच्या माळेचा वेगळा. ज्याच्याकडे जो मान, त्याच्याकडे तो खर्च. गरिबाचे लग्न असे दहा जणांच्या खांद्यावर उभे राहते. मानकरी व्हायचे म्हणजे खिशाला चाट बसायची, हे त्या समाजात सगळ्यांना माहीत. तेव्हा उंदराला मांजराने खाल्ले की पोरे हसतात ती वेगळ्या कारणाने आणि त्यांचे बाप हसतात ते वेगळ्या कारणाने. लग्नात कर्ज काढून हात पोळलेले आपल्याकडेही कमी नाहीत.

आता मला थोडे अवघड बोलायचे आहे. मेक्सिकोत 'कोरिदो' नावाचा पोवाड्यासारखा प्रकार आहे. साल सांगायचे, गाव सांगायचे, आणि घडलेली हकीकत कडव्याकडव्याने सांगायची. लढाया, दरोडे, घोडे, फाशी, पूर यांचे कोरिदो रचले गेले. एका पैशाला विकल्या जाणाऱ्या पातळ कागदांवर ते छापले जात. होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) हा थोर चित्रकार त्या कागदांसाठी चित्रे कोरीत असे. पुढे दिएगो रिव्हेराने शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंती रंगवल्या, तेव्हा चित्रांच्या वरून एक लाल फीत काढून तीवर कोरिदोचे शब्द लिहिले. याच रिव्हेराने चापिंगोच्या शेतकी विद्यालयाच्या भिंतीही रंगवल्या, आणि त्या विद्यालयात शिकवीत होते आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे. मक्याच्या सुधारित जातींवर तेथे त्यांनी काम केले. विदर्भातल्या श्रोत्यांना हे नाव सांगायला नको. पण आपण कोरिदोकडे येऊ.

'ला मार्तिना' हा कोरिदो असा. पंधरा वर्षांची मार्तिना लग्न करून येते. सोळावे लागते तो नवरा प्रवासाहून परततो आणि त्याला घरात परक्या वस्तू दिसतात. परसात एक घोडा खिंकाळतो आहे. तो विचारतो, हा घोडा कोणाचा? ती म्हणते, तुमचाच की, तुमच्या वडिलांनी पाठवला, धाकट्या बहिणीच्या लग्नाला जाण्यासाठी. मग तो पिस्तूल, घड्याळ यांबद्दल असेच विचारतो, आणि तिचे उत्तर तयारच असते. प्रश्न आला की ऐकणारे कान टवकारतात, उत्तर आले की हशा पिकतो. आपल्याकडच्या तमाशातला सवालजवाब जसा रंगतो तसा हा रंगतो. शेवटी नवरा तिला दंडाला धरून सासऱ्याकडे नेतो. सासरा म्हणतो, तुला दिली ती दिली, आता तुझे तू पाहा. नवरा तिला गुडघ्यावर बसवून गोळ्या घालतो. आणि शेवटच्या ओळीत काय असावे? घोड्याचा तो मालक पळाला, तो खोगीर न्यायलासुद्धा परत आला नाही!

येथे पुन्हा हशा पिकतो. श्रोतेहो, एक सोळा वर्षांची पोर मरून पडली आहे, आणि आपण खोगिरावरून हसतो आहोत. गाणाऱ्याने मोठ्या खुबीने आपले डोळे तिच्यावरून काढून खोगिरावर नेले.

या गोष्टीची बीजे जुनी आहेत. अशीच प्रश्नोत्तरे असलेले गाणे स्पेनमध्ये सोळाव्या शतकात छापलेले आहे. पण त्याहून मौजेची गोष्ट अशी की, स्कॉटलंड-इंग्लंडातही याच धाटणीचे गाणे आहे. तेथला नवराही घरी येऊन विचारतो, हा घोडा कोणाचा? बायको म्हणते, घोडा कुठला, माझ्या आईने पाठवलेली दुभती गाय ती. तो म्हणतो, गाईवर खोगीर? पुढे तर बिछान्यात एक पुरुष सापडतो, आणि बायको बिनदिक्कत सांगते की, ती आईने पाठवलेली गवळण आहे. नवरा नवल करतो, गवळणीला दाढी! तेथे कोणी कोणाला मारत नाही. नवरा खुळा ठरतो आणि गाणे संपते. प्रश्न तेच, थट्टा तीच. एका देशात बाई थट्टेतून सुटते, दुसऱ्या देशात तीच थट्टा तिला सरणापर्यंत नेते. असे का व्हावे याचे उत्तर केवळ गाण्यात सापडायचे नाही. पण मेक्सिकोच्या गाण्यात सासऱ्याच्या तोंडी जे वाक्य आहे ते मला फार बोचते. लेक एकदा दिली की माहेरचे दार बंद. हे वाक्य ऐकायला मेक्सिकोपर्यंत जावे लागत नाही.

दुसरा कोरिदो रोसिता आल्विरेसचा. तो साल्तियो गावचा आणि गाण्यात १९०० साल सांगतात. आई म्हणते, आज नाचाला जाऊ नकोस. रोसिता म्हणते, मला नाच आवडतो त्यात माझा काय दोष? नाचात इपोलितो नावाचा माणूस तिला नाचायला बोलावतो, ती नाही म्हणते, तो पिस्तूल काढतो. गाणारा सांगतो की, रोसिताचे नशीब मोठे. तीन गोळ्या लागल्या, पण जीव घेणारी त्यातली एकच! चाल खुशीची आहे. लग्नाच्या वरातीतही वाजवावी अशी. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही हसू आले. नंतर लाज वाटली. मग असेही वाटले की, गाणारा कदाचित मारेकऱ्याला आणि गावच्या समजुतींनाच चिमटा काढत असेल. मुलगी नाही म्हणाली एवढ्यावर तिला मारायचे आणि वर तिचेच नशीब काढायचे, हा तो चिमटा. दोन्ही अर्थ निघतात. वर्गात हे गाणे सांगायचे झाले तर मी मुलांना आधी हसू देईन आणि मग विचारीन की, आपण कशाला हसलो? वर्गातल्या मुलींनी दिलेले उत्तर आणि मुलांनी दिलेले उत्तर वेगळे येईल असा माझा अंदाज आहे.

१९१० साली मेक्सिकोत राज्यक्रांती पेटली आणि दहा वर्षे धुमसत राहिली. त्या धामधुमीत हजारो बायका सैन्याबरोबर हिंडल्या. त्यांना 'सोल्दादेरा' म्हणत. आगगाडीच्या आत घोडे आणि दारूगोळा, टपावर या बायका, त्यांची पोरे, चूल आणि मेताते. कितीजणींनी बंदुकाही चालवल्या. 'आदेलिता' हे गाणे त्यांच्यावरचे म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यात बोलतो तो शिपाई. तिला रेशमी वस्त्र घ्यावे आणि छावणीतल्या नाचाला न्यावे हे त्याचे स्वप्न. टपावर ऊन्हात मका वाटणाऱ्या बाईला रेशीम! तिने काय उत्तर दिले ते गाण्यात नाही.

कायदे मात्र हळूहळू बदलत होते. १९१४ च्या अखेरीस काररान्साच्या सरकारने घटस्फोटाची मुभा देणारा हुकूम काढला. म्हणजे चुचुंबेतल्या विधवेला जी मोकळीक देवाकरवी मागावी लागली ती आता कचेरीत अर्ज करून मागता येऊ लागली. मताचा पूर्ण हक्क बायकांना १९५३ साली मिळाला आणि १९५५ मध्ये देशाच्या निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदा मते टाकली. मतदानाच्या बाबतीत आपण त्यांच्यापुढे होतो. आपल्या बायका १९५२ पर्यंतच्या पहिल्या निवडणुकीतच मतदार होत्या. स्त्री-पुरुष कायद्यापुढे समान, असे मेक्सिकोच्या घटनेच्या चौथ्या कलमात यायला १९७४ साल उजाडले.

गाण्यात बाईचा आवाज कसा आला ते आता सांगतो. शहरात, रेडिओवर आणि सिनेमात 'रांचेरा' हे गाणे चढले. रांचेरा म्हणजे शब्दशः गावाकडचे, शेतवाडीचे. ग्वादालाहारात १९०६ साली जन्मलेली लुचा रेयेस मुळात शास्त्रशुद्ध गळ्याची. परदेशच्या दौऱ्यात तिचा आवाज बिघडला. परतली ती जाडसर, फाटका आवाज घेऊन. तोच आवाज तिने रांचेरात लावला. ओरडली, रडली, दारूच्या गुत्त्यातल्या पुरुषासारखी मस्तीत गायली. लोकांना धक्का बसला आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. १९४४ साली ती गेली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. तिच्यानंतर चावेला वार्गास आली. कोस्टारिकात जन्मलेली, विजार आणि खांद्यावर घोंगडीसारखे वस्त्र घालून गाणारी. पुरुषांनी बाईला उद्देशून रचलेली प्रेमगीते ती एक अक्षर न बदलता गात असे. ऐकणाऱ्यांनी काय समजायचे ते समजावे.

पुरुषांकडून रांचेराचा राजा म्हणजे होसे आल्फ्रेदो हिमेनेस (१९२६–१९७३). त्याचे 'राजा' नावाचेच गाणे आहे. त्यातल्या माणसापाशी काही उरलेले नाही, बाईही निघून गेली आहे, तरी त्याची राजेपणाची ऐट जात नाही. पुरुष हे गाणे ऊर भरून गातात. मला तर तो बार्तोलाचा नवराच वाटतो, फक्त चाल दुःखाची आहे.

आणि या राजाला जाब विचारणारी शेवटी भेटली. वेराक्रूझ प्रांतातल्या आल्तो लुसेरो गावात १९४७ साली जन्मलेली फ्रान्सिस्का विवेरोस. गाण्यातले नाव पाकिता ला देल बारिओ, म्हणजे मोहल्ल्यातली पाकिता. खेड्यातून शहरात आली. संसारात फसवणूक सोसली, हे तिने स्वतःच पुष्कळदा सांगितले. मेक्सिको शहरातल्या ग्वेरेरो वस्तीत तिने आपले खाणावळवजा गाण्याचे ठिकाण चालवले. अंगाने भरलेली, भरजरी पोशाख, चेहऱ्यावर हसू नाही. गाणे नवऱ्याला उद्देशून. एका गाण्यात तिने त्याला दोन पायांचा उंदीर ठरवले आणि मग सरपटणाऱ्या, डसणाऱ्या प्राण्यांची अशी यादी लावली की शेवटी त्या प्राण्यांचाच अपमान झाल्यासारखे वाटावे. दुसऱ्या एका गाण्यात ती आपण नवऱ्याला किती वेळा फसवले ते मोजून सांगते, प्रत्येक वेळेचे कारण निराळे. आणि मध्येच गाणे थांबवून त्या निरुपयोगी माणसाला दरडावून विचारते की, ऐकतो आहेस ना?

मार्तिनाचा गुन्हा तो हाच की नाही? पण मार्तिनाच्या गाण्यात तो नवऱ्याने शोधून काढला आणि सजा दिली. पाकिता तो स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, हसत नव्हे तर रागाने सांगते. हसतात ते ऐकणारे. दोन पायांच्या उंदराचे हे गाणे लिहिले मात्र एका पुरुषाने, मानुएल एदुआर्दो तोस्कानो याने. बाईच्या संतापाचे शब्द पुरुषाच्या लेखणीतून यावेत याचे काहींना वैषम्य वाटते. मला तितकेसे वाटत नाही. आपल्याकडे लावण्या कोणी लिहिल्या आणि कोणी गायिल्या, हे आठवून पाहावे. शब्द कोणाचे यापेक्षा ते कोणत्या गळ्यातून निघाले याला येथे अधिक मोल आहे.

नुसत्या गाण्याने घरातली मारहाण थांबते असे मी म्हणणार नाही. मेक्सिकोत आजही बायकांच्या खुनांविरुद्ध बायका रस्त्यावर येतात, मोर्चे काढतात. पण रोसिताच्या गाण्यावर पूर्वीइतक्या मोकळेपणाने हसणे आता तेथे पुष्कळांना जमत नाही, हेही खरे.

पाकिता २०२५ सालच्या फेब्रुवारीत वारली. तिच्या जलशांना बायका येत तशाच नवऱ्यांनाही घेऊन येत. शिवी आली की बायको नवऱ्याकडे वळून बघे, आणि नवरा सगळ्यांत मोठ्याने हसे. न हसून सांगतो कोणाला? बार्तोलाला कोणी असे एखाद्या संध्याकाळी तेथे नेले असते तर दोन पेसोंचा हिशेब तिने कसा दिला असता, हे मला ऐकायला आवडले असते.